राणीला कुणी हसेना

एका राज्यात, जिथे नद्या राजाला विचारून वळण घेत आणि पोपट न्यायसभेत साक्षीला उभे राहत, जयकेसरी नावाचा राजा होता. राजा शूर होता, न्यायी होता आणि बोलायला अंमळ कमी होता. ती कसर त्याची थोरली बहीण चंपावती भरून काढी. ती माहेरीच राहत असे. प्रधानापासून पाणक्यापर्यंत कुणीही तिच्या तोंडातून सुटत नसे, आणि वेळ पडली तर राजालाही ती चार शब्द सुनावी.

राजाचे लग्न ठरले ते खाऱ्या वाळवंटापलीकडच्या राजकन्येशी. तिचे नाव नीलप्रभा. तिच्या देशाची भाषा वेगळी, इकडची वेगळी. वऱ्हाड सीमेवर पोचले तेव्हा ती पालखीत रडत होती. 'नव्या घरी मी तोंड उघडीन आणि सगळे मला हसतील,' हीच एक धास्ती तिने घेतली होती.

तिचे रडणे वाग्भैरव मांत्रिकाने ऐकले. तो पालखीच्या पडद्याबाहेर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात मोत्यांची माळ होती.

"राजकन्ये, ही वाचामाला," तो तिच्या भाषेत म्हणाला. "हिच्या मण्यामण्यात एकेक वाक्य आहे. ही गळ्यात असेतो तुझा एकही शब्द चुकणार नाही."

"मोल काय?"

"तुला कधीही कुणी हसणार नाही, हेच मोल."

हे कसले मोल, हे तर बक्षीसच, असे तिला वाटले. मांत्रिकाचे बोलणे दोनदा ऐकावे आणि तिसऱ्यांदा विचारावे, हे तिला कुणी शिकवले नव्हते. तिने माळ गळ्यात घातली.

राजवाड्याच्या उंबऱ्यावर चंपावतीने दार अडवले. ती नणंद, तिचा तो मानच होता. "नाव घ्या, मग आत या," ती म्हणाली. नव्या नवरीने अडखळायचे, लाजायचे, चुकायचे, मग बायकांनी तिची फिरकी घ्यायची, अशी तिथली रीत. नीलप्रभेने मान वर केली आणि म्हटले,

"पूर्व दिशेस उदय पावे भास्कर, सरोवरी डोले अरविंद,
जयकेसरी नृपांचे नाम घेते, लाभो सकळां आनंद."

"वा! किती शुद्ध वाणी!" सगळ्या बायका म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. चंपावतीच्या जिभेवर थट्टा तयार होती, पण ती तिथेच विरली. तिने मुकाट्याने दार सोडले.

पुढची पाच वर्षे तसेच चालले. राणी बोलू लागली की दासी हात जोडून उभ्या राहत. राणी कुणालाही पाणी दिल्याबद्दल म्हणे, "मी आपली अत्यंत ऋणी आहे," आणि ते ऐकून लोक धन्य होत. राजा तिला 'आपण' म्हणे. चंपावती साऱ्या वाड्याशी भांडे, पण भावजयीशी तिचे एकदाही वाजले नाही. राणीला कुणी 'अगं' म्हणेना. बायका माजघरात हसत-खिदळत असत. ती आत आली की पदर सावरून उठत. तिला वाटे, आपले काहीतरी राहून गेले आहे. पण काय, ते माळेतल्या कुठल्याच मण्यात लिहिलेले नव्हते.

तिला मुलगी झाली होती. तिचे नाव वेणू. वेणूचा गुडघा फुटला की ती आईला ओलांडून आत्याकडे धावे. आत्या आधी तिला रागवे, मग गुडघ्यावर फुंकर घाली. राणी खांबाशी उभी राहून ते बघे. तिला फार दुखे. ते सांगायलाही तिच्याजवळ शुद्ध वाक्येच होती.

मग एका दुपारी वेणू आईसमोर येऊन उभी राहिली आणि आईच्याच शुद्ध वाणीत म्हणाली, "मातोश्री, मला क्षुधा लागली आहे." तिच्या मानेवर एक काळे पीस उगवले. "मातोश्री, आजचा दिवस रमणीय आहे," ती म्हणाली आणि तिचे पाय पिवळे झाले. "मातोश्री, मी आपली अत्यंत ऋणी आहे," ती म्हणाली, आणि तिची मैना होऊन ती खिडकीतून उडून गेली.

राजाने घोडेस्वार धाडले, फासेपारधी धाडले, तोफाही उडवल्या. तोफांनी रानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या मैना पळाल्या. चंपावतीने अन्न सोडले. तिन्हीसांजेला अंगणातल्या उंबरावरचा पिंगळा बोलला. पिंगळे खोटे बोलत नाहीत, म्हणून सारे ऐकू लागले.

"राणी, तुझी मुलगी वाग्भैरवाच्या पाठवनात, पाठांतराच्या रानात, आहे. तिथे पक्षी ऐकलेलेच बोलतात. वर्षभरात ती स्वतःचे नाव विसरेल. मग ती मैनाच राहील."

"तिला परत आणण्याचा मार्ग कथन करावा," राणी म्हणाली.

"पाठवनाला तीन दारे आहेत. तीन वस्तू लागतील. एक शिवी, एक रुसवा, एक हसू. तिन्ही तुला कुणीतरी आपली समजून दिलेली हवीत."

राणी तिथल्या तिथे चंपावतीकडे वळली. "वन्सं, कृपा करून मला एक शिवी द्यावी."

चंपावतीच्या तोंडी शिव्यांचा तोटा नव्हता. तिने तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. "तुम्हाला कशी देऊ, राणीसाहेब?" ती म्हणाली. "तोंडातून येतच नाही."

तेव्हा राणीला माळेचे मोल कळले. तिने माळ काढली आणि उंबराच्या फांदीला टांगली. माळ सळसळत आपल्या धन्याकडे निघून गेली. तिच्याबरोबर राणीची सारी वाक्येही गेली. उरले ते पाच वर्षांत कानावरून गेलेले तेवढेच. ये, जा, बस, खा, अगंबाई, नको. आणि सवयीने जिभेला चिकटून बसलेले ते ऋणाचे वाक्य.

"माळेवाचून आपण बोलणार कशा?" राजाने विचारले.

राणीने खांदे उडवले. तिने दासीचे लुगडे नेसले आणि ती एकटी निघाली.

पाठवनाच्या वाटेवर कातळगाव लागते. तिथे नदीकाठी काळ्या कातळाचे मोठे पठार आहे आणि त्यावर बारा गावांचे पापड वाळतात. कोंडाबाई नावाची बाई त्या कामाची मुखत्यार होती. ऊनसुद्धा तिला वचकून असे. वाळवण असेतो ते कातळावरून हलत नसे.

"काम पाहिजे?" कोंडाबाईने विचारले.

"काम. पाहिजे," राणी म्हणाली.

"नाव काय?"

"नीला."

"लाटता येतं?"

राणीने एक पापड लाटून दाखवला. त्याचा आकार पाहून कोंडाबाई म्हणाली, "तू आपली कावळे राख."

राणीला काठी देऊन कातळावर उभे केले. तिच्या वाळवंटात कावळे नव्हते. कावळ्यांना काय म्हणून हाकलतात, ते तिला ठाऊक नव्हते. ते आले तेव्हा तिने आपल्या देशात उंटांना हाकलतात तशी आरोळी ठोकली. कावळे थबकले.

"ही काय म्हणते?" एकाने विचारले.

"कळत नाही बुवा," दुसरा म्हणाला. "तोवर खाऊन घेऊ."

अर्धी ओळ फस्त झाली तेव्हा कोंडाबाई पदर खोचून धावत आली. "अगं ए भवाने! डोळे आहेत का कवड्या? कावळे जेवायला बसलेत आणि तू वाढपी असल्यासारखी उभी! काठी काय मिरवायला दिलीय? आणि हे काय, बोडकीच उभी राहिलीस उन्हात? पदर घे डोक्यावर, भोवळ येऊन पडलीस तर तुला उचलायला कोण रिकामं आहे इथं?"

राणी ऐकत राहिली. उभ्या जन्मात तिच्याशी कुणी असे बोलले नव्हते. तिला रडू येत होते आणि आनंदही होत होता.

"वर हसतेस काय, मेले?" कोंडाबाई ओरडली. त्याबरोबर तिची शिवी टपकन खाली पडली आणि तिची हिरवीगार मिरची झाली. राणीने ती उचलून पदराला बांधली आणि दोन्ही हातांनी कावळे हाकलू लागली.

त्या कामावर गिरजा नावाची एक लेकुरवाळी होती. तिने राणीला पीठ कुटायला शिकवले, लाटणे कसे हलक्या हाताने फिरवायचे ते शिकवले. दुपारी ती आपल्या भाकरीतली अर्धी मोडून राणीला देई आणि पापडाच्या पिठाची लाटी तेलात बुडवून तिच्या तोंडात घाली. एवढे करून ती भलतेच बोलत बसे. सासूचे, मुलाच्या खोकल्याचे, शेजारणीच्या कोंबड्यांचे. राणीला त्यातले अर्धे कळे. पुढे पाऊण कळू लागले.

एकदा राणीला ताप भरला. गिरजा आपले काम टाकून तिच्या उशाशी बसली, काढा करून पाजला, अंगावर स्वतःची वाकळ घातली. ताप उतरला तेव्हा राणीला भरून आले. हात जोडून ती म्हणाली, "मी आपली अत्यंत ऋणी आहे."

गिरजा उठली. हातातली वाटी तिने खाली आदळली. "बरं," एवढेच म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती राणीशेजारी बसली नाही. भाकरी एकटीने खाल्ली. राणीने हाक मारली तर मान फिरवली. राणी घाबरली. आपण तर सगळ्यांत चांगले वाक्य म्हटले, राजसभेत त्या वाक्याला लोक माना डोलावत, मग हिला काय झाले? ती कोंडाबाईकडे गेली.

"मावशी, गिरजा बोलत नाही."

"तू काय बोललीस तिला?"

राणीने सांगितले. कोंडाबाईने कपाळावर हात मारला. "अगं, ती तुला पाठची बहीण समजून बसली आणि तू तिचे आभार मानतेस? ती काय वाटेवरची वाटसरू आहे? परक्याचे आभार मानतात. घरच्या माणसानं पाणी दिलं तर काय म्हणतात?"

"काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत! गटागटा पितात आणि आणखी मागतात."

राजवाड्यातली पाच वर्षे राणीच्या डोळ्यांपुढून गेली. चंपावतीने बाळंतपणात तिची रात्रंदिवस सेवा केली होती आणि तिने तिचेही आभार मानले होते, सुंदर शब्दांत. चंपावतीचा चेहरा तेव्हा का उतरला होता, ते तिला आत्ता कळले. तिला स्वतःची शरम वाटली.

ती गिरजाजवळ गेली. गिरजाने पाठ केली. राणी तिच्या पाठीला पाठ लावून बसली, हात मागे नेला आणि गिरजाच्या पानातली भाकरी उचलून खाल्ली. मग म्हणाली, "चटणी दे."

"नाही देत जा," गिरजा म्हणाली.

"दे गं. सुकी भाकरी जात नाही."

गिरजाने न बघता चटणी मागे सरकवली. रुसवा तिच्या मांडीवरून घरंगळला आणि त्याची मोगऱ्याची मिटलेली कळी झाली. राणीने ती पदराला बांधली. त्या दिवसापासून ते ऋणाचे वाक्य तिच्या तोंडातून गेले ते गेलेच.

राहिले हसू. त्याचीच तिला भीती होती. त्या भीतीपायीच तिने माळ घातली होती ना! म्हणून ती बेतानेच बोले. येईल तेवढेच वाक्य करी आणि बाकीचे गिळी.

पण एका संध्याकाळी पापड भरून झाले, बायका पाय पसरून बसल्या आणि नवऱ्यांची गाऱ्हाणी निघाली. कुणाचा घोरतो, कुणाचा ऐकत नाही. "तुझा गं?" गिरजाने विचारले.

"माझा चांगला," राणी म्हणाली. "पण बोलत नाही. मला 'आपण' म्हणतो."

"बायकोला आपण!" बायकांनी डोळे विस्फारले.

राणीला ओशाळल्यासारखे झाले. काहीतरी बोलून विषय सारावा म्हणून तिने कोंडाबाईची एक म्हण आठवली, हात हलवून थेट कोंडाबाईच्याच थाटात सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "जाऊ दे बाई. घरोघरी चुलीची माती!"

गिरजा फिसकन हसली. मग सगळ्याच. कोंडाबाई हसता हसता आडवी झाली. "अगं, मातीच्या चुली! घरोघरी मातीच्या चुली!" ती कशीबशी म्हणाली आणि पुन्हा हसू लागली.

राणीचे कान तापले. हेच ते, जन्मभर ज्याला भ्यायले ते हेच, असे तिला वाटले. उठून पळावे म्हणून तिने गुडघ्यांवर हात टेकले. तेवढ्यात गिरजाने हसता हसता तिच्या खांद्यावर डोके टाकले. डोळे पुसायला तिने राणीचाच पदर घेतला. पलीकडून एकजण म्हणाली, "खरंच आहे की, माझ्या सासऱ्यानं कालच चूल फोडली, घरभर चुलीची माती!" आणि हसण्याची दुसरी लाट आली. तेव्हा राणीही हसली. कसे झाले ते तिला कळले नाही, पण तिला फार हलके वाटले. खाली हसण्याच्या पांढऱ्याशुभ्र लाह्या पडल्या. मूठभर गिरजाने खाल्ल्यासुद्धा. उरलेल्या राणीने पदरात बांधल्या.

दुसऱ्या दिवशी कातळगावात जो तो म्हणत होता, "घरोघरी चुलीची माती." आजही तिथे तसेच म्हणतात आणि कुणी दुरुस्त करायला गेले तर त्यालाच वेड्यात काढतात.

निघताना राणीने खरे काय ते सांगितले. ती राणी आहे हे ऐकून कोंडाबाई म्हणाली, "असशील. कावळे राखायला मात्र पुन्हा बोलवायची नाही." आणि शिदोरी तिच्या हातात कोंबली. राणीने ती घेतली आणि आणखी लोणचे मागितले.

पाठवनाच्या पहिल्या दारी नाग होता. राणीने त्याच्यापुढे मिरची टाकली. त्याने ती गिळली, त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आले आणि तो वाटेतून सरला. दुसऱ्या दारी रुसलेला मोर होता. त्याला कळी दिली. आपल्याहून मोठा रुसवा पाहून तो ओशाळला आणि आत सोडता झाला. तिसऱ्या दाराला कडीच नव्हती. राणीने लाह्या उधळल्या. त्या टिपायला आतून मैना आल्या, हजारो आल्या, आणि त्यांच्या पंखांच्या वाऱ्याने दार उघडले.

आत वाग्भैरव बसला होता. "मातोश्री, आजचा दिवस रमणीय आहे," साऱ्या मैना एका सुरात म्हणत होत्या. एकीसारखी दुसरी.

"राणी, यांत तुझी मुलगी आहे," तो म्हणाला. "एक हाक मार. एकच. ती आली तर तुझी. न आली तर जन्मभर माझी."

मग त्याने वाचामाला पुढे केली. "तुझी भाषा मोडकी आहे. हाक चुकली तर मुलगी गेली. ही घाल. हिच्यात हाकेचे एक अप्रतिम वाक्य आहे."

राणीचा हात पुढे झाला, हे सांगितले पाहिजे. मुलीचा प्रश्न होता. चुकून चालणार नव्हते. तिने मोती बोटांत धरले. मग तिने मैनांकडे पाहिले. त्या अप्रतिम वाक्ये बोलत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हते. तिला एकदम भयंकर राग आला. मांत्रिकाचा आला, स्वतःचा आला आणि इतके दिवस बाहेर राहिलेल्या पोरीचाही आला. तिने माळ भिरकावली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली,

"वेणेऽ! ए वेणे! कुठं उंडारतेस गं? किती शोधायचं तुला? पाय मोडला माझं शोधून! जेवली नाहीस, न्हाली नाहीस, चल घरी! ये गं माझी लूमी!"

लूमी हा तिच्या वाळवंटातला शब्द. तिकडच्या आया लेकरांना तसे म्हणतात. त्या शब्दाला माळेत मणी नव्हता, म्हणून पाच वर्षे तो तिच्या घशातच राहिला होता.

रानभर तीच हाक घुमली. हजार मैना जशीच्या तशी म्हणाल्या, "वेणे, ए वेणे, कुठं उंडारतेस गं."

आणि दूर एका करवंदीच्या जाळीतून एक आवाज आला.

"नाही येणार जा! मला अजून खेळायचंय!"

वाग्भैरव ताडकन उठला. "हे वाक्य कुठल्या मण्यातले?" तो ओरडला. त्याने माळ उचलून मणी चाचपले. ते वाक्य कुठेच नव्हते. माळेचा दोरा तुटला, मोती पाचोळ्यात पडले. मांत्रिक बोलू गेला, तर त्याच्याजवळ स्वतःचे असे एकही वाक्य नव्हते. तो तोंड उघडून तसाच राहिला, लहान लहान होत गेला आणि पाखरू होऊन दाराच्या चौकटीवर जाऊन बसला. अजूनही तो येणाऱ्या-जाणाऱ्याला 'सुस्वागतम्' म्हणतो. साऱ्या मैनांची मुले झाली आणि ती आपापल्या गावांच्या दिशेने बोंबलत सुटली.

जाळीतून वेणू बाहेर आली. तोंड करवंदांनी जांभळे झाले होते.

"आई, तू अशी का बोलतेस?" ती हसत म्हणाली. "तुला बोलताच येत नाही!"

"नाही येत," राणी म्हणाली आणि तिला उचलून इतके घट्ट धरले की ती ओरडली. "तू शिकव."

घरी येईतो मायलेकी भांडल्या. शिदोरीतले लोणचे कुणी जास्त खाल्ले यावरून भांडल्या, चालायचे की कडेवर बसायचे यावरून भांडल्या. राज्याच्या वेशीवर राजा घोडा घेऊन उभा होता. त्याने बोलायला तोंड उघडले, 'महाराणी, आपण' एवढे म्हणाला आणि पुढे त्याला काही सुचेना. मग तो म्हणाला, "किती वाळलीस गं, नीला." त्याला इतके बोललेले पाहून प्रधानाच्याही डोळ्यांत पाणी आले.

राजवाड्याच्या दारात चंपावती होती. भाटांनी राणीच्या वाणीची स्तुती सुरू केली. राणीने त्यांना हाताने थांबवले. नणंदेला मिठी मारली आणि म्हणाली, "वन्सं, भूक लागलाय. भाकरी टाका."

चंपावती आधी खो खो हसली. मग रडली. मग पदर खोचला आणि तिने तोंडाचा पट्टा सुरू केला. "अगं बये, होतीस कुठं इतके दिवस? आणि ही पोरगी बघ, काय अवतार करून आणलास तिचा! हात-पाय धुवा आधी दोघी. अशा पायांनी घरात आलीस तर बघ!" ती बोलत राहिली, बोलतच राहिली. पाच वर्षांचे साठलेले होते. राणी उंबऱ्यावर उभी राहून शेवटचा शब्द संपेपर्यंत ऐकत होती.

राज्य पुन्हा रांगेला लागले. राणीची भाषा शेवटपर्यंत थोडी वाकडीच राहिली आणि तिला सगळे हसत. वेणू मोठी झाली, राज्य करू लागली, तरी आईला उलटून बोलायची सवय काही गेली नाही. त्यांच्या घरी जसे लेकरू उलटून बोलले, तसे ते तुमच्याही घरी बोलो, आणि ते ऐकायला तुम्ही हाकेच्या अंतरावर असा.